गादीच्या पोटात काय आहे?

गादी ऑनलाइन मागवतो म्हटलं की घरातलं वडीलधारं माणूस हमखास विचारतं, ‘अरे, गादी कुठं मोबाइलवर घेतात का? हात लावून बघायला नको?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भाजी, कापड, भांडी घेताना हात लावून, वाजवून, चुरगाळून बघण्याच्या सवयीनं आपल्या कितीतरी पिढ्यांचा पैसा वाचवला आहे. पण आज बाजारात मिळते त्या फोमच्या गादीबद्दल हाताला फार थोडं कळतं. पैसे वसूल होणार की पाण्यात जाणार हे ज्यावर ठरतं, ते तर हाताला मुळीच कळत नाही. म्हणून ज्याला दहा-बारा हजारांच्या आत बरी गादी हवी आहे, त्यानं ती दुकानापेक्षा ऑनलाइन घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. किंमत कमी पडते हे त्याचं दुय्यम कारण. मुख्य कारण असं की ऑनलाइन विकणाऱ्याला आपल्या गादीबद्दल काही ना काही लिहून द्यावं लागतं, आणि लिहून दिलेलं पडताळून पाहता येतं.

आधी हाताचं बघू. फोमचे दोन गुण असतात आणि गिऱ्हाईक त्यांची नेहमी गल्लत करतं. एक म्हणजे मऊ-कडकपणा. दाबलं की किती आत जातं, पाठ टेकली की किती रुततं, हे हाताला आणि पाठीला लगेच समजतं. दुसरा गुण घनतेचा, म्हणजे एका घनमीटर फोममध्ये माल किती किलो आहे याचा. दुकानदार ‘32 डेन्सिटी’, ‘40 डेन्सिटी’ म्हणतात ते हेच. फोम तयार होताना पॉलिऑल आणि टीडीआय ही दोन द्रव रसायनं एकत्र आणतात. त्यात थोडं पाणी असतं. अभिक्रियेतून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सगळं मिश्रण बघता बघता फुगून वर येतं. थंड झाल्यावर त्या ठोकळ्याचे थर कापले की झाला फोम. कमी माल घालून जास्त फुगवलं तर आतल्या बुडबुड्यांच्या भिंती पातळ राहतात आणि फोम हलका होतो. आता खरी मेख इथे आहे, की रसायनांचं प्रमाण बदलून हलका फोमही कडक करता येतो आणि भारी फोमही मऊ करता येतो. त्यामुळे 20 घनतेची गादी शोरूममध्ये 40 घनतेच्या गादीइतकीच दणकट लागू शकते. फरक कळतो तो दोन पावसाळे उलटल्यावर. पातळ भिंती रोजच्या वजनाखाली मोडत जातात, कमरेच्या जागी खळगा पडतो आणि सकाळी उठताना पाठ धरू लागते. तोवर दुकानाची पावती कुठल्या ड्रॉवरमध्ये गेली हेही कुणाला आठवत नसतं.

म्हणजे हात मऊपणा मोजतो आणि आयुष्य ठरतं घनतेवर. हात लावून गादी घेणाऱ्याची फसगत होते ती नेमकी इथे, आणि त्यात त्याचा दोष नसतो. त्याला जे तपासायला दिलं, ते त्यानं प्रामाणिकपणे तपासलेलं असतं.

मग पूर्वी हात लावून घेतलेल्या गाद्या का टिकत? कारण त्या काळी हाताबरोबर डोळ्यांनाही काम होतं. पिंजारी दारात यायचा, किंवा आपण बाजारपेठेतल्या गादी कारखान्यात जायचो. पिंजारी, नदाफ, मन्सुरी या समाजांनी पिढ्यानपिढ्या हे काम केलं आहे. गादी तयार होताना बघण्यासारखी असे. जुन्या गादीची शिवण उसवून कापूस बाहेर काढायचा. वर्षानुवर्षांच्या वजनानं त्याचे गठ्ठे झालेले असायचे. मग पिंजणाची तात त्या ढिगावर धरून लाकडी ठोकळ्यानं ती झंकारली की गठ्ठे सुटून कापूस भुरभुर हवेत उडू लागायचा. नवी भर किती घालायची हे तिथेच ठरे. सिंगल गादीला दहा-बारा किलो कापूस लागतो, तो समोर तराजूत पडे. कापूस कुठला, त्यात सरकीचा कचरा किती, हे चिमटीत धरून बघता येई. गादीपाटाच्या खोळीत तो भरून झाला की पिंजारी काठीनं झोडपून थर सारखा करी आणि लांब दाभणानं आरपार टाके घाली. टाके घातले नाहीत तर कापूस एका बाजूला सरकतो, म्हणून ते नीट पडतात की नाही याकडे घरातल्या बायकांची बारीक नजर असे. ही गादी टणक होई, काही वर्षांनी दबे, पण दबली की पुन्हा पिंजून घेता येई.

त्या व्यवहारातल्या विश्वासाचा पाया असा होता: माल उघडा होता, वजन समोर होत होतं, बनवणारा माणूस माहितीतला होता आणि दुरुस्ती शक्य होती. आजच्या शोरूमनं यातलं काय ठेवलं? फक्त स्पर्श. गादी कारखान्यातून शिवून, प्लास्टिकच्या वेष्टनात येते. तिच्या पोटात काय आहे हे विकणाऱ्या मुलालाही बहुधा ठाऊक नसतं. त्याला माहीत असतात ती मॉडेलची नावं आणि कोणत्या मॉडेलवर किती सूट द्यायची मुभा आहे ते. त्या बिचाऱ्याचंही काही चुकत नाही, त्याला तेवढंच शिकवलेलं असतं. वडीलधाऱ्यांचा ‘हात लावून बघ’ हा सल्ला उघड्या कापसाच्या काळातला आहे. तो बंद फोमला लावला की त्यातला जीव निघून जातो.

शोरूममध्ये पाठ टेकून बघता येतं, ही बाजू मात्र नीट तोलायला हवी. किती वेळ टेकतो आपण? विक्रेता शेजारी उभा, सोबत नवरा किंवा बायको, पायात बूट, गादीवर प्लास्टिक, आणि अनोळखी लोकांसमोर आडवं व्हायचा संकोच. दोन-तीन मिनिटांत आपण उठतो. त्या दोन-तीन मिनिटांत मऊ गादी छान वाटते, कारण दिवसभर फिरून आलेल्या शरीराला काहीही मऊ छानच वाटतं. कुशीवर झोपल्यावर खांदा दुखतो का, पहाटे उकडतं का, शेजारचा माणूस वळला की जाग येते का, हे कळायला रात्री जाव्या लागतात. जमिनीवरच्या सतरंजीवरून किंवा कापसाच्या टणक गादीवरून फोमवर येणाऱ्याला तर पहिले काही दिवस अवघडल्यासारखंच होतं.

आपल्याकडे आणखी एक ठाम समजूत आहे: पाठदुखीला कडक गादी, फारच दुखत असेल तर सरळ फळी. या समजुतीवर ‘ऑर्थो’ नावाच्या गाद्या शोरूममध्ये जोरात विकल्या जातात. 2003 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष छापून आले. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या 313 जणांना दोन गटांत विभागलं. एका गटाला कडक गादी दिली आणि दुसऱ्याला मध्यम कडक. 90 दिवसांनी तपासलं तेव्हा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची दुखणी अधिक कमी झालेली होती. एका चाचणीवरून सगळ्या पाठींचा न्याय होत नाही हे खरं. तरी त्या संशोधकांना फरक बघायला 90 दिवस द्यावे लागले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. जे तीन महिन्यांत कळतं, ते तीन मिनिटांत ठरवायला दुकान आपल्याला भाग पाडतं.

ऑनलाइन विक्रीनं बदल केला तो नेमका इथे. अमेरिकेत 2012 साली ‘टफ्ट अँड नीडल’ आणि 2014 साली ‘कॅस्पर’ या कंपन्यांनी गादी दाबून, गुंडाळून खोक्यात घालून घरपोच द्यायला सुरुवात केली. सोबत मुद्दा असा मांडला की दुकानात पाच मिनिटं लोळण्यापेक्षा घरी शंभर रात्री झोपून बघा, नाही आवडली तर परत द्या. आपल्याकडे 2016 साली बेंगळुरूत सुरू झालेल्या वेकफिटनं हाच रस्ता धरला. पुढे स्लीपीहेड, मुंबईची ‘द स्लीप कंपनी’ अशी नावं आली. कर्लऑन, स्लीपवेल, ड्युरोफ्लेक्स या जुन्या मंडळींनाही ऑनलाइन उतरावं लागलं. 2023 साली स्लीपवेलवाल्या शीला फोमनं कर्लऑनच विकत घेतली.

किंमत कमी का पडते, हेही समजून घ्यावं. गादी म्हणजे बहुतांशी हवा. फुगलेली गादी टेम्पोतून नेणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. दाबून गुंडाळली की त्याच टेम्पोत कितीतरी जास्त गाद्या मावतात. त्यात शोरूमची जागा पलंग मांडण्यासाठी मोठी लागते आणि शहरात त्या जागेचं भाडं गिऱ्हाइकाच्या बिलात येतं. वितरक, उपवितरक, दुकानदार यांचे वाटे वेगळे. हे सगळं वगळलं की किंमत उतरते, यात जादू नाही. मात्र अमेरिकेतल्या त्या कॅस्परचं पुढे काय झालं तेही लक्षात ठेवावं. जाहिरात, मोफत पोहोच आणि परत आलेल्या गाद्या यांचा भार पेलताना कंपनी तोट्यातच राहिली. फेब्रुवारी 2020 मध्ये 12 डॉलरनं विकलेला तिचा शेअर 2021 अखेरच्या सौद्यात 6.90 डॉलरला गेला. गुंतवणूकदारांच्या पैशावर दिलेली स्वस्ताई कायमची नसते, आणि दहा वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी दहा वर्षं राहील की नाही हा प्रश्न विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. म्हणून मी वॉरंटीच्या आकड्यापेक्षा गादीच्या आत काय आहे यालाच जास्त किंमत देतो.

यावर कुणी म्हणेल, स्पर्शाला महत्त्व नाही म्हणता, मग ऑनलाइन जन्मलेल्या याच कंपन्यांनी आता शहरोशहरी दुकानं का थाटली? वेकफिट, स्लीप कंपनी दोघांचीही दुकानं आज आहेत. माझ्या मते याचा अर्थ एवढाच की माणसाला स्पर्शानं धीर येतो आणि कंपन्यांना तो धीर विकायचा आहे. ज्याला तो धीर हवा त्यानं खुशाल जावं, लोळून यावं. मऊ हवी की कडक हे त्यातून कळेल, आणि ते कळणं उपयोगाचंच आहे. पण खरेदीचा निर्णय तिथल्या तिथे घेऊ नये. घरी येऊन त्याच गादीचं पान उघडावं आणि त्यावर काय लिहिलं आहे, त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय लिहिलेलं नाही, ते वाचावं.

आता त्या पानाकडे येऊ, कारण माझा सगळा भरवसा त्यावरच आहे. चांगल्या पानावर थरांची माहिती असते: वरचा थर कशाचा, किती इंच, किती घनतेचा, खालचा कशाचा, किती, कितीचा. कधी फक्त ‘सहा इंच मेमरी फोम गादी’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मेमरी फोम वरचा इंचभर आणि खाली साधा फोम, असंही असू शकतं. मेमरी फोमच्या जाहिरातीत ‘नासा’चं नाव येतंच. 1966 साली नासासाठी चार्ल्स योस्ट यांनी हा पदार्थ विकसित केला हे खरं आहे, पण तो विमानाच्या आसनांसाठी. हा फोम उष्णतेनं मऊ पडतो आणि अंगाची ऊब धरून ठेवतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पंख्याखाली झोपणाऱ्यानं त्याचा जाड थर घेण्याआधी दोनदा विचार करावा. पानावर घनता दिलीच नसेल तर कंपनीला लिहून विचारावी. लेखी उत्तर देत नसतील तर पुढच्या कंपनीकडे वळावं, बाजारात गाद्यांना तोटा नाही.

लिहिलेली घनता खरी कशावरून? इथे एक साधा हिशेब कामाला येतो, आणि माझ्या ओळखीच्या ज्या ज्या घरात गादीचा विषय निघाला तिथे मी तो कागदावर मांडून दाखवला आहे. सहा फूट बाय पाच फूट गादी, जाडी सहा इंच म्हणजे अर्धा फूट. सहा गुणिले पाच गुणिले अर्धा, झाले 15 घनफूट. एक घनमीटर म्हणजे साधारण 35.3 घनफूट. तेव्हा ही गादी सुमारे 0.425 घनमीटरची झाली. सगळा फोम 32 घनतेचा असेल तर त्याचं वजन साडेतेरा किलोच्या आसपास भरलं पाहिजे. 40 घनतेचा असेल तर 17 किलो. त्यावर खोळीचा एखाद-दीड किलो धरा. पार्सलचं वजन बऱ्याचदा पानावर दिलेलं असतं. तेच 12 किलो असेल, तर आतला फोम सरासरी 25 घनतेचा आहे, मग जाहिरात काहीही म्हणो. खोकं घरी आलं की ते उचलून घरातल्या वजनकाट्यावर उभं राहावं, मग खोक्याशिवाय उभं राहावं आणि वजाबाकी करावी. पिंजाऱ्याच्या तराजूचं काम हा काटा करतो. या हिशेबाला काही अपवाद आहेत. फोमच्या कापलेल्या तुकड्यांना डिंक लावून दाबलेला रिबॉन्डेड फोम मुळातच फार जड असतो, काथ्या आणि स्प्रिंगच्या गाद्यांचं गणित निराळं असतं, आणि काही ठिकाणी वजन वाढवण्यासाठी फोममध्ये चुनखडीची पूड मिसळलेली असते. पण पानावर ‘शुद्ध फोम’ म्हटलं आहे आणि वजन कमी भरलं, तर तिथे संशयाला जागा उरत नाही.

लिहून दिलेल्याला कायद्याचं पाठबळही आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आणि 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. सर्वांत मोठी गोष्ट ही, की ग्राहक जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा दाखल करता येतो. कंपनी बेंगळुरूची असो की दिल्लीची, गडचिरोलीच्या माणसाला गडचिरोलीतच दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. 1915 या हेल्पलाइनवरून सुरुवात करता येते. अर्थात पुरावा हवा. संकेतस्थळावरची माहिती उद्या बदलू शकते, म्हणून पैसे भरण्याआधी त्या पानाचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत: घनता, थर, वजन, परतीच्या अटी सगळ्यांचे. शोरूममध्ये विक्रेता तोंडानं ‘साहेब, 40 ची आहे, लिहून घ्या’ म्हणतो. बिलावर लिहा म्हटलं की त्याचा सूर बदलतो.

परतीच्या अटींवर थोडं रेंगाळावं लागेल, कारण शंभर रात्रींचं आश्वासन ज्यावर उभं आहे तो हा भाग आहे. किमान अमुक रात्री झोपल्याशिवाय परत घेणार नाही, डाग पडला तर परत घेणार नाही, अमुक पिनकोडवरच उचलायला येऊ, अशा अटी असतात. मुंबई-पुण्यात माणूस येऊन गादी घेऊन जातो. तालुक्याच्या गावी मात्र ‘तुमच्या भागात पिकअप नाही’ असं उत्तर मिळू शकतं, आणि फुगलेली गादी तुम्ही पुन्हा खोक्यात भरू शकत नाही. तेव्हा ‘माझ्या पिनकोडवरून ट्रायलमध्ये परत न्याल का’ हा प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावं. उत्तर नकारार्थी आलं तर माझा ऑनलाइनच्या बाजूचा अर्धा युक्तिवाद त्या पत्त्यापुरता संपतो, हे मी मान्य करतो.

मापाचा घोळ तर खास आपला. आपल्याकडचे पलंग सुतारानं खोलीच्या मापानं केलेले असतात. कुणाचा सव्वासहा बाय पाच, कुणाचा सहा बाय साडेचार, कुणाचा दिवाण सहा बाय चार. कंपन्यांची मापं ठरलेली असतात, 72, 75, 78 इंच लांबी अशी. वेगळ्या मापाची गादी त्या करून देतात, पण सहसा ती परत घेत नाहीत. म्हणजे शंभर रात्रींचा सगळा फायदा एका झटक्यात गेला. अशा वेळी पलंगाच्या आतल्या चौकटीचं माप दोन्ही टोकांना टेपनं घ्यावं आणि त्याहून इंचभर कमी असलेलं तयार माप चालतं का ते आधी बघावं. अजिबात चालत नसेल तर गावातला गादी कारखाना गाठावा. तिथे फोमही कापून मिळतो, कापूसही भरून मिळतो, आणि पोटात काय घातलं ते समोर बघता येतं.

गादी कारखान्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ऑनलाइन खरेदीनं पिंजाऱ्याच्या पोटावर पाय येतो हा आक्षेप मला पटत नाही. त्याच्या पोटावर पाय आला तो फोम आला तेव्हाच, शोरूमच्या काळात. अजूनही टेम्पोवर पिंजण यंत्र चढवून गल्लीबोळांत फिरणारे कारागीर आहेत. पाहुण्यांसाठी जमिनीवर घालायची गादी, पाळण्यातली दुपटी, लग्नातले लोड-तक्के, जुना कापूस पुन्हा वापरात आणणं, या कामात त्यांना कुठलंच संकेतस्थळ हरवू शकत नाही. ज्याचं बजेट तीन-चार हजारांचं आहे त्याला मी बिनधास्त त्यांच्याकडे पाठवीन. त्या पैशात ऑनलाइन येणारी फोमची गादी बहुधा कमी घनतेचीच असते. ऑनलाइनशी माझी तुलना चकचकीत शोरूमची आहे, कारागिराची नाही.

कोकणातल्या, गोव्यातल्या घरांसाठी एक वेगळी सूचना. सामान ठेवायच्या बंद प्लायवूडच्या पलंगावर फोमची गादी टाकली की पावसाळ्यात तिच्या पोटाखाली ओल धरते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. वॉरंटीत डाग आणि ओल सहसा बसत नाहीत. अशा हवेत काथ्याची किंवा कापसाची गादी जास्त बरी. फोमच घ्यायचा असेल तर फटी असलेल्या पट्ट्यांचा पलंग असावा आणि आठवड्यातून एकदा गादी उभी करून ठेवावी. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं आजारी माणूस आहे त्यांनी तर गादीचा निर्णय डॉक्टरांना आणि परिचारिकेला विचारूनच घ्यावा. तिथे प्रश्न आरामाचा राहत नाही, अंगाला जखमा होण्याचा असतो.

ऑनलाइन बाजाराचे स्वतःचे डाव आहेत आणि त्यांना मी पाठीशी घालणार नाही. कायमची चालू असलेली ‘आजच संपणारी सूट’, ‘फक्त दोन शिल्लक’, गुपचूप यादीत घुसवलेली उशी किंवा गादीचं कव्हर, हे सगळं 2023 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं काढलेल्या ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक सूचनांत मोडतं. तरी ते दिसतं. खोडलेल्या छापील किमतीकडे बघूच नये. तारांकित अभिप्राय वाचायचे तर गादी आल्या आल्या लिहिलेले सोडून द्यावेत, वर्ष-दीड वर्ष वापरून लिहिलेले वाचावेत, आणि त्यातही मधोमध खळगा पडल्याच्या तक्रारी किती आहेत ते बघावं. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. गोदामात महिनोन्‌महिने दाबून पडलेली गादी पूर्ण फुगत नाही. नवी गादी उघडल्यावर दोन-तीन दिवस देऊनही कोपऱ्यांची जाडी पट्टीनं मोजल्यावर कमी भरली, तर लगेच फोटोसह कळवावं.

पण एकेका ग्राहकानं काटे आणि टेप घेऊन हे किती दिवस करायचं? बिस्किटाच्या पुड्यावर आत काय आहे ते छापावं लागतं. ज्यावर माणूस आयुष्याचा तिसरा हिस्सा घालवतो त्या गादीवर मात्र नाव, किंमत आणि फुलांचं चित्र एवढंच असू शकतं. प्रत्येक थराचा पदार्थ, जाडी, घनता आणि गादीचं एकूण वजन गादीच्या कडेला शिवलेल्या पट्टीवर असलंच पाहिजे, दुकानात विकली तरी आणि ऑनलाइन विकली तरी. खोळीला चेन असली पाहिजे, म्हणजे उघडून आत डोकावता येईल. काही कंपन्या आजही चेन देतात, म्हणजे ते अशक्य नाही. ही सक्ती झाली तर दुकानदाराचाही फायदा आहे. जो चांगला माल ठेवतो त्याला आज हलक्या मालाशी केवळ सुटीच्या टक्क्यांवर झुंजावं लागतं, तेव्हा त्याला आकड्यांवर झुंजता येईल.

सोबत आणखी एक मागणी हवी. कापसाची गादी जुनी झाली की पिंजाऱ्याकडे जाते. फोमची जुनी, डागाळलेली गादी भंगारवालाही सहसा घेत नाही. ती सोसायटीच्या जिन्याखाली, मग कचराकुंडीशेजारी आणि शेवटी नाल्यात जाते. मुंबईत पावसाळ्याआधीच्या नालेसफाईत गाद्या निघतात त्या याच. गादी जितकी हलकी आणि स्वस्त, तितकी ती लवकर नाल्यात. शंभर रात्रींनी परत गेलेल्या गाद्यांचाही यात वाटा असू शकतो. त्या गाद्यांचं काय होतं हे बहुतेक गिऱ्हाइकांना कुणी सांगत नाही. अमेरिकेत कनेक्टिकट आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी 2013 साली कायदे करून जुन्या गाद्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तिथे नवी गादी घेताना बिलात त्यासाठी ठरावीक शुल्क लागतं. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी उत्पादकाची जबाबदारी कायद्यानं ठरलेली आहे, मग गादीसाठीही ती ठरवावी. तोवर ऑर्डर नोंदवताना ‘आमची जुनी गादी घेऊन जाल का, आणि नेल्यावर तिचं काय करता’ हे प्रत्येकानं विचारावं. परतीच्या अटींबरोबर याचंही उत्तर लेखीच मागावं.